टिटवीची चार अंडी

“ओ भाऊ! गाडी मांगे लई नको! तुले डोया शेतस का नही?”

दीपमाला एरवी घरीदारी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायची. पण जीव घाबरा झाला की जिभेवर थेट घरची अहिराणी यायची, आणि त्या सकाळी तर ती जीपच्या मागच्या चाकासमोर दोन्ही हात पसरून उभी होती. करकचून ब्रेक लागला. धूळ उडाली. जीपमधून एक उंच, किडकिडीत तरुण उतरला तो शिंकतच. एक, दोन, तीन... पुऱ्या सात शिंका! नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर पहिल्यांदा येणाऱ्याचं असंच होतं. उघड्या माळावर नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत पसरलेली, आणि फाल्गुनातला वारा सुटला की नुसता ठसका.

“काय झालं, ताई?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“ताई? ताई कोणाला म्हणता? आधी खाली बघा!”

त्याने खाली पाहिलं. चाकापासून हातभर अंतरावर दगडांचं एक कडं होतं आणि कड्यात खड्यांसारखीच मळकट, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी. सगळ्या पथारीत मिरची खेटून पसरलेली, फक्त तेवढं एक वर्तुळ मोकळं सोडलेलं. डोक्यावर टिटवी ओरडून ओरडून जीव काढत होती.

“मला इथं हवामान यंत्राचा खांब रोवायचाय,” तो चाचरत म्हणाला. “नकाशात... हीच जागा दिलीय.”

“नकाशा काढणाऱ्याला टिटवी दिसली नाही वाटतं.”

मिरची पालटणारी म्हातारी कौसाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. “चार अंडा शेतस भाऊ. टोकं खाले. चार महिना पानी पडी औंदा.”

आणि तो हसला. हसून म्हणाला, “आजी, टिटवी नेहमी चारच अंडी घालते. दुष्काळातही चार.”

आता तुम्हीच सांगा, बोलायची काही रीत असते की नाही? असेल खरं. पण ज्या म्हातारीने साठ उन्हाळे टिटवीची अंडी जपली, तिच्या तोंडावर हसायचं? दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बोट दाखवून त्याला पन्नास पावलं लांबची जागा दिली, पावलं स्वतः मोजली, आणि खांब तिथेच रोवायला लावला. जाताना त्याने नाव सांगितलं. हेमकांत. पुरुषोत्तमनगरचा, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला, शेतकऱ्यांना मोबाइलवर हवामानाचा सल्ला पाठवणाऱ्या एका संस्थेत नवा लागलेला. तिने काही नाव विचारलं नव्हतं.

दर शनिवारी तो यंत्र तपासायला यायचा. दहा मिनिटांचं काम, पण जायचं नाव काढायचा नाही. पथारीच्या कडेला बाभळीखाली दीपमालाचे वडील, मगनअप्पा, बाजेवर बसलेले असत. त्यांच्याशी त्याचं जमलं. अप्पांना आजूबाजूची वीस गावं ओळखायची. ‘मगनअप्पानं सांगितलं म्हणजे पाऊस येणार’ हे लोक डोळे मिटून मानायचे. कापूस वेचायचा की थांबायचं, लग्नाचा मांडव उघड्यावर घालायचा की नाही, हे विचारायला माणसं दारात येत. अप्पांकडे दुसरं काही मोठेपण नव्हतं. होता तो एवढा शब्द.

हेमकांतने वही काढली. अप्पा सांगत गेले. चिमणी धुळीत न्हाली की पाणी जवळ आलं. मुंग्या तोंडात अंडी धरून वर चढल्या की दीड दिवसात पाऊस. बहावा फुलला की पावसाला दीड महिना मोजायचा. कावळ्याने शेंड्यावर घरटं बांधलं की वर्ष कोरडं. तो सगळं टिपून घ्यायचा आणि मधूनच मान वर करून मिरची पालटणाऱ्या दीपमालाकडे बघायचा.

“दीपा,” कौसाबाई कुजबुजायची, “तो पोऱ्या वहीमा कमी नि तुन्हाकडे जास्त देखी ऱ्हायना व.”

“बघू दे! डोळ्यात मिरची जाईल तेव्हा कळेल.”

तिसऱ्या शनिवारी खरंच गेली. त्याने मिरची हातात घेतली आणि विसरून डोळा चोळला. मग काय, नाचायला लागला. दीपमालाने हसू दाबत त्याच्या डोळ्यावर पाणी मारलं, ओढणीचं टोक ओलं करून त्याच्या हातात दिलं.

“चिडून का होईना, काळजी घेता माझी,” तो एका डोळ्याने बघत म्हणाला.

“चिडलेय मी अजून.”

“किती दिवस चिडणार?”

“टिटवीची पिल्लं बाहेर येईपर्यंत.”

“म्हणजे... अजून आठवडाभर. थांबतो मी.”

त्या दिवशी तिने त्याला पहिल्यांदा ठेच्याबरोबर भाकर दिली. आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःवरच चिडली. एवढं काय हसण्यासारखं होतं त्यात?

बुधवारी बाजार समितीच्या आवारात शेतकरी मेळावा होता. अप्पा पांढरं उपरणं घेऊन पुढच्या रांगेत बसले. हेमकांतच्या संस्थेने एक पुस्तिका वाटली. वर ठळक छापलेलं: ‘हवामानाच्या बारा गैरसमजुती’. मंचावरचे मोठे साहेब माइकवर एकेक वाचायला लागले. “आता हे बघा! आपले मगन पाटील म्हणतात, टिटवीची अंडी मोजा आणि पाऊस ओळखा! मग आम्ही उपग्रह कशाला सोडले? टिटवीलाच नोकरी देऊ की!”

मांडव हसला. ज्यांनी अप्पांना विचारून लग्नाचे मांडव घातले होते, तेही हसले. अप्पांनी उपरण्याची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मग हळूच उठून चालायला लागले.

मंचाच्या मागे हेमकांत कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. दीपमाला सरळ त्याच्यासमोर गेली.

“ही वही तुम्हीच दिलीत ना?”

“दीपमाला, मी असं लिहिलं नव्हतं. ‘जुन्या जाणकारांची निरीक्षणं’ असं नाव दिलं होतं मी. साहेबांनी...”

“छापायच्या आधी तुम्ही वाचलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं त्याला. “...वाचलं होतं,” तो म्हणाला. “नोकरी नवी आहे. बोललो नाही.”

“वा! माझ्या बापाची भाकर खाल्लीत, त्यांच्या बाजेवर बसलात, आणि तोंड उघडायची वेळ आली तेव्हा नोकरी आठवली? ते हसले त्याचं मला काही नाही. हसणाऱ्यांना अक्कल नसते. तुम्ही तर ऐकलं होतं ना सगळं? लाज कशी वाटत नाही?”

पुस्तिका त्याच्या हातातल्या गठ्ठ्यावर आपटून ती निघाली.

त्या दिवसापासून अप्पांनी आभाळाकडे बघणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “मोबाइलले इचार ना भो. मन्हाकडे काय शे?” दीपमालाला तो आवाज ऐकवायचा नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि शनिवारी सकाळी तिने पाहिलं. चिमण्यांचा थवा पथारीच्या कडेला धुळीत अंग घुसळत होता. बाजेच्या पायावरून मुंग्यांची काळी रांग वर चढत होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा. अप्पा त्या रांगेकडे टक लावून बघत होते. पण बोलत नव्हते.

“अप्पा! पाणी येणार आहे ना? सांगा ना!”

“मोबाइलवर काय शे?”

मोबाइलवर होतं: ‘पुढील तीन दिवस हवामान कोरडे राहील.’ हंगामाची शेवटची मिरची माळभर उघडी पडलेली. भिजली तर पांढरी पडून मातीमोल. गोळा करून झाकायची तर शंभर बायांचा दिवस जाणार, आणि पाऊस नाही आला तर पुन्हा सगळं हसं. त्यापेक्षा अप्पा गप्प बसले होते. त्यांचा शब्द त्यांनी गिळून टाकला होता, आणि दीपमालाला तेच सहन होत नव्हतं.

तेवढ्यात जीप आली. हेमकांत उतरला तो धावतच खांबाकडे गेला, यंत्र बघितलं, फोन लावला. “सर, हवेतला दमटपणा रात्रीत दुप्पट झालाय. वाऱ्याची दिशा बदललीय. संदेश बदलायला हवा... सोमवारी? सर, सोमवारपर्यंत...” फोन बंद झाला होता.

तो तसाच बाभळीकडे चालत आला. शेजारच्या पथाऱ्यांवरची माणसं, बाया, व्यापारी, सगळे बघत होते. त्यांच्या देखत तो अप्पांच्या बाजेपाशी खाली बसला.

“अप्पा, मुंग्या काय म्हणतात?”

“आता आठवल्या मुंग्या?” दीपमाला कडाडली. “तुमच्या बारा गैरसमजुतींमधली ही कितवी?”

“चौथी,” तो म्हणाला. “ती तशी छापली गेली, कारण मी गप्प बसलो. चूक माझी आहे, अप्पा. माझं यंत्रही मुंग्यांचंच म्हणणं सांगतंय. पण यंत्राला दिवस सांगता येत नाही. तुम्हाला येतो.”

अप्पा बाजेच्या पायावर बोट टेकवून म्हणाले, “मुंग्या अंडा लईसन वर चालन्यात. पानी येई. उद्या दुपारलोंग.”

हेमकांतने तिथेच मोबाइल तोंडाशी धरला. तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या गटावर त्याने आपल्या आवाजात निरोप टाकला: “मी हेमकांत बोलतोय. माझ्या कार्यालयाचा अंदाज कोरडा आहे. मगनअप्पा पाटील म्हणतात, उद्या दुपारपर्यंत पाऊस येणार. माझा भरवसा अप्पांवर आहे. मिरची झाका.”

“नोकरी जाईल तुमची,” दीपमाला म्हणाली. आवाज अजून कडकच होता.

“जाऊ दे. या खेपेला आधी बोललो, एवढं तरी धरा.” आणि त्याने बाह्या वर केल्या.

दिवसभर सगळे राबले. मिरचीचे ढीग, ढिगांवर ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर दगड. हेमकांत शिंकत होता, डोळ्यांतून पाणी गाळत होता, पण हटला नाही. काही व्यापाऱ्यांनी झाकलं, काही “मुंग्यांचा सल्ला” म्हणून हसले.

रविवारी दुपार झाली. ऊन कडकडीत! दोन वाजले, तीन वाजले. अप्पा बाजेवर ताठ बसून होते. रस्त्यापलीकडून कोणीतरी ओरडलं, “अप्पा, मुंग्या रजेवर गेल्या का?” दीपमाला दगड उचलून धावलीच असती, हेमकांतने मनगट धरलं म्हणून थांबली. ते त्याने सोडलं नाही, आणि तिनेही सोडवून घेतलं नाही.

सव्वाचारला नवापूरच्या बाजूने आभाळ काळं झालं. वीस मिनिटं पाऊस कोसळला. रस्त्यापलीकडच्या उघड्या मिरचीवरून लाल पाणी वाहायला लागलं, आणि अप्पांच्या ताडपत्रीखाली एक मिरचीही भिजली नाही.

“दुपार थोडी लांबली,” अप्पा म्हणाले. किती दिवसांनी हसले ते!

पाऊस थांबल्यावर दीपमाला पहिली धावली ती दगडांच्या कड्याकडे. हेमकांत मागोमाग. टिटवी ओल्या पंखांनी बसून होती, आणि तिच्या पोटाखालून पिल्लांचे काड्यांसारखे चिमुकले पाय बाहेर डोकावत होते. अप्पाही हळूहळू चालत आले.

“अप्पा, राग मानू नका,” हेमकांत म्हणाला. “मुंग्यांचं खरं निघालं. पण अंड्यांचं मला पटत नाही. टिटवी खरंच नेहमी चारच अंडी घालते.”

दीपमालाच्या कपाळाची शीर उडाली. आज तरी गप्प बसावं की नाही माणसानं! पण अप्पा शांतपणे म्हणाले, “माले मालूम शे.”

“...माहीत आहे?”

“मन्हा बापले बी मालूम व्हतं. अरे, ती म्हन पानीसाठे नहीच. ती टिटोडीसाठे शे. पानी सांगनारी अंडा कोन फोडी?”

अप्पा उपरणं झटकून परत फिरले. जाता जाता म्हणाले, “हाई बी वहीमा लिखी ले.”

ओल्या मिरचीचा आणि मातीचा वास एकत्र आला होता. हेमकांतने वही काढली नाही.

“पिल्लं बाहेर आली,” तो हळूच म्हणाला. “तुझा राग... यांच्यापर्यंतचाच होता ना?”

‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आला हा? दीपमाला विचारणार होती, पण विचारलं नाही.

“त्यानंतर नवा राग आलाय. तो वेगळा मोजायचा.”

“मोजतो. जन्मभर मोजायची तयारी आहे. दीपमाला, नोकरी राहील की नाही माहीत नाही. तरी... अप्पांना विचारू का? आपलं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. शिंकून शिंकून लाल झालेलं नाक, ओले केस, आणि डोळ्यांत आत्ता मिरची नव्हती तरी पाणी. तिला इतकं प्रेम आलं त्याचं, की तेवढाच संतापही आला.

“आत्ता विचारतोस? सबंध महिना वहीत डोकं घालून बसलास! कौसाबाईला कळलं, अप्पांना कळलं, त्या बाजेवरच्या मुंग्यांनासुद्धा कळलं असेल! आणि एवढं मोठं यंत्र पन्नास पावलांवर रोवून तुला काही कळलं नाही?”

“म्हणजे... हो?”

“जा, विचार अप्पांना!” ती ओरडली. “आणि कड्याच्या बाहेरून चाल, पाय पडेल पिल्लांवर!”