राखण गप्प झाली तेव्हा

दिगंबरबुवांचा फोन गेल्या गुरुवारी गप्प का राहिला, हे कोडं त्यांच्या नातीला, केतकीला, काही केल्या सुटेना. सन २०५१मधली गोष्ट. आजोबांच्या दंडावर संवेदक चकती (रक्तातली साखर सतत मोजणारी) होती. साखर उतरली की फोनमधलं 'राखण' अॅप घंटा वाजवायचं. तरी कीर्तन करताना आजोबा घेरी येऊन खाली बसले आणि घंटा वाजलीच नाही.

केतकीची वासंतीआत्या असली अॅप बनवणारी शास्त्रज्ञ. तिने फोन बघितला, तेव्हा निम्मं कोडं उलगडलं. कीर्तनाला उभं राहण्याआधी आजोबा फोनवरची सगळी अॅप सरकवून बंद करत. देवापुढे जाताना मागे काही उघडं ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. एरवी पार्श्वभूमीत (पडद्यावर न दिसता, आतल्या आत) चालणारं राखणही त्यात गेलं.

मग बंद होताना त्याने सांगायचं नाही का, असं केतकीने विचारलं. आत्या म्हणाली, तेवढी सवड दर वेळी मिळत नाही. जागा अपुरी पडली तर फोनही एखादं अॅप न सांगता बंद करतो.

"बंद झाल्यावर सांगायला उरतं कोण? म्हणून चालू असतानाच त्याने बोलत राहायचं."

आत्याने राखणला दर मिनिटाला स्पंद ('मी आहे' एवढाच निरोप) पाठवायला शिकवलं. तो ऐकायचा आजोबांना पेटीची साथ करणाऱ्या यंत्रमानवाने. एखादा स्पंद वाटेत हरवू शकतो, म्हणून लागोपाठ तीन चुकले तरच त्याने पेटी थांबवायची. अॅप बंद पडलं असेल किंवा नुसतं नेटवर्क गेलं असेल. काहीही असो, पेटी थांबली की घरच्यांनी उठून बघायचं.

आजोबांना हे लगेच पटलं. "तबलजीकडे मी वळून बघतो होय? ठेका ऐकू येतोय तोवर तो आहे. थांबला, की मान वळते."

रामनवमीला आजोबांचा जन्मापर्यंत कडक उपास. आत्या चिडली, पण ऐकतंय कोण! त्यात सवयीने त्यांनी अॅप पुन्हा सरकवलं. पूर्वरंग सुरू होतो न होतो तोच पेटी थांबली.

केतकी धावली. तिने राखण उघडलं: साखर अठ्ठावन्न. आत्याने साखरपाणी पुढे केलं, तर आजोबा म्हणाले, जन्माला अजून पाऊण तास आहे.

तेव्हा पहिल्या रांगेतल्या यमुनाकाकू म्हणाल्या, "बुवा, रामजन्म सांगायला आधी उभे तर राहा."

आजोबा हसले आणि प्याले. थोड्या वेळाने आकडा वर चढला, आणि बरोबर बाराला पाळणा हलला.

शेवटी त्यांनी काकूंना, आत्याला आणि यंत्रमानवालाही हात जोडले. "तुम्ही कान देऊन होतात, म्हणून रामाने आजची सेवा करून घेतली."

संध्याकाळी आत्याने गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी काढली; त्यांच्याही फोनवर राखण बसवायचं होतं. केतकीला नवी शंका आली. "आणि यंत्रमानवच बंद पडला तर?"

"मग त्याचा स्पंद तुझ्या फोनने ऐकायचा."

"आणि मीच लक्ष द्यायला विसरले तर?"

आजोबा म्हणाले, "तू दहा मिनिटं गप्प बसलीस ना, की अख्खं घर उठून बघायला येतं बाळा."