सर्वांत वेगवान किलोमीटर

"म्हाताऱ्या, आधी बीअर किती झाल्या ते सांग."

दोनच झाल्यात, ब्रोडी, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. उद्या सकाळी मेंढ्या कातरायच्यात, गोष्ट लांबवणार नाही. टेगन, तो दिवा तेवढा बारीक कर.

गेल्या वर्षीची चौदा ऑगस्ट, गुरुवार. डार्सी पेनहॉलच्या पंपाचा पट्टा परत करायला मी निघालो होतो. डार्सी माझा शेजारी, म्हणजे बावीस किलोमीटरवरचा. बायको सोडून गेलेली, बोलायला एकच प्राणी, त्याचा कुत्रा डस्टर. सप्टेंबरात शंभर किलोमीटरची शर्यत होती. तिच्यासाठी दोन वर्षं डार्सी रोज धावत होता आणि डस्टर त्याच्याबरोबर.

"घोड्यासारखा पळतोस आणि दर मैलाला थांबतोस," मी चिडवायचो.

"मी कुठे थांबतो? डस्टरला खांब दिसला की थांबावं लागतं!"

आता, कोकरं मारणाऱ्या कोल्ह्यांसाठी आपण विषारी मांस पुरतो, तुम्हीही पुरलंय. त्या दिवसांत मुसकं बांधल्याशिवाय कुत्रा बाहेर काढायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लांब पळताना मुसक्यातून कुत्र्याला धड धापा टाकता येत नाहीत. डार्सीने मांस स्वतःच्या हाताने पुरलं होतं, रस्त्यापासून चांगलं लांब. म्हणून जून महिन्यात एका संध्याकाळी, घरापासून फाटकापर्यंतच्या रस्त्याला लागल्यावर त्याने मुसकं काढलं. एखादा तुकडा कावळा उकरेल आणि रस्त्यावर टाकेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्यासारख्यांच्या डोक्यात ते यायलाच हवं.

ते विष पोटात गेलं की कुत्रा लगेच पडत नाही. आधी पळतो. वेड लागल्यागत पळतो.

परतीच्या वाटेवर डस्टर सुसाट सुटला. डार्सीला वाटलं, गडी रंगात आलाय. तो हसत हसत मागे धावला. "चल रे, चल!" म्हणून ओरडत राहिला. त्याच्या घड्याळात आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर नोंदला गेला. त्या किलोमीटरच्या शेवटी डस्टर आडवा पडून पाय झाडत होता.

"तो मरत होता, मर्व्ह, आणि मी त्याला चेव देत होतो," डार्सी मला म्हणाला.

मी काय बोललो, ठाऊक आहे? म्हटलं, "चला, आता खांबाखांबाला थांबायला नको." त्याला हसवायला गेलो होतो. जीभ झडायला हवी होती माझी.

महिनाभर तो धावलाच नाही. मग ऑगस्टच्या सुरुवातीला दुकानात भेटला. वाळून काटकी झालेला, पण खुशीत.

"डस्टर येतो," म्हणाला. "रात्री, त्याच रस्त्यावर. दिसत नाही, पण पुढे त्याची नखं वाजतात. मी मागे पळतो. अजून थोडा कमी पडतो बघ. एकदा गाठला ना, की थांबवीन. या खेपेला नक्की थांबवीन."

तेव्हाच त्याला गाडीत घालून माझ्या घरी आणायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझी मर्जी, बाबा."

तर ती रात्र. नऊ वाजून चाळीस मिनिटं. त्याच्या फाटकातून आत वळलो. लांबवर डार्सीच्या कपाळावरचा दिवा दिसला. पुढे पुढे जाणारा. म्हटलं, गाठू आणि पट्टा देऊ.

गाडी तीसवर होती. दिवा तेवढाच लांब.

चाळीस केली.

दिवा... तेवढाच लांब.

काच खाली केली. थंडी आत आली. आणि आवाज. खडीवर नखं... नाही. नखं नव्हती ती.

मग दिवा खाली गेला. गुडघ्याइतका खाली. पडला म्हणावं, तर पळतच होता. तसाच. तेवढ्याच वेगाने.

आणि त्याच्या मागून कोणीतरी हसलं.

"चल रे, चल!"

आवाज डार्सीचा.

दिवा थांबला. मी पोचलो तेव्हा डार्सी कुशीवर पडला होता. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. त्या तोंडातून शब्द फुटणं शक्य नव्हतं. पाय... पाय अजून हलत होते. माझ्याकडे बघत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं काय करणार होतो?

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. विष कुठेही सापडलं नाही.

सकाळी पोलिसांबरोबर मी रस्ता बघितला. कुत्र्याचं पाऊल एकही नाही. फाटकापासून वळणापर्यंत डार्सीचे बूट. वळणापासून पुढे पूर्ण एक किलोमीटर तळहातांचे ठसे आणि बुटांची नुसती टोकं. त्याच्या तळहातांना कातडी उरली नव्हती.

आणि त्या ठशांच्या मागे बुटांची आणखी एक रांग. पूर्ण पाऊल, आरामात टाकलेल्या लांब ढांगा. बुटाचा तळ डार्सीचाच, मापही त्याचंच. तो पडला तिथपर्यंत ती आली होती. त्याच्या डोक्याशी दोन्ही पावलं जोडून कोणी बराच वेळ उभं असल्यासारखे दोन खोल ठसे होते.

तिथून परत जाणारं पाऊल नव्हतं.