विमानाला गुदगुल्या होतात

“अगं, त्याला जमिनीच्या गुदगुल्या होतात, म्हणून ते उडतं!”

गच्चीवर कपडे वाळत घालताना आई म्हणायची. चिमटा तिच्या दातांत, विमान डोक्यावर आणि मी सहा वर्षांची. तो आवाज अजून कानात आहे...

वीस वर्षांनी मला विमानांच्या हँगरमध्येच नोकरी लागली, सीटच्या खोळी शिवायची. पहिल्याच दिवशी रिकाम्या विमानात गुडघ्यांवर बसून माप घेत होते, तर समोर तळाची एक फळी उचलली गेली आणि तिच्याखालून एक डोकं वर आलं!

मी किंचाळले. टेप हातातून उडाली.

“हळू,” डोकं म्हणालं, “विमान झोपलंय.”

मेकॅनिक होता. गालावर ग्रीसचा पट्टा, डोळ्यांत मिश्कील हसू.

“माणसानं असं उगवायचं?” मी टेप उचलली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “हे एवढं धूड उडतं तरी कसं हो?”

“सोपं आहे. दारं लागली की सगळे घाबरून श्वास रोखतात. दोनशे फुगे... जाणार कुठे? वरच!”

मी आईचं कारण सांगितलं. तो थक्कच झाला. “गुदगुल्या? आणि आम्ही वेड्यासारखे इंजिनं पुसतोय!”

मग ठरूनच गेलं. रोज चहाच्या सुट्टीत मी विचारायचं — “आज कसं उडतं?” कधी पायलट विमानाच्या कानात ‘घरी पाहुणे आलेत’ असं सांगायचा, म्हणून ते पळत सुटायचं. कधी ढगांच्या पोटात लोहचुंबक असायचं. दिवसभर मला हसू फुटायचं, आणि हसता हसता सुई बोटात जायची.

“शुक्रवारी निघालो,” एका दुपारी तो कप खाली ठेवत म्हणाला. “बदली झाली. लांब... कायमची. तुम्हाला काही बोलायचंय?”

मी त्याच्या कपाकडे बोट दाखवलं.

“चहा गार होतोय तुमचा,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी शिवणखात्याच्या मोठ्या बाई धापा टाकत आल्या. “अगं भवाने, आधी विमानात चल!”

सीटचा पट्टा दुरुस्त करायला त्यानं एक खोळ काढली होती. मग दुसरी. मग ओळच्या ओळ. प्रत्येक खोळीच्या आत लाल दोऱ्यानं त्याचं एकेक कारण मी टाचलं होतं. फुगे. पाहुणे. लोहचुंबक. खोळ एकदा चढली की आतली बाजू कोण बघतं?

“बत्तीस खोळी!” बाईंनी कपाळावर हात मारला. “सगळ्या तपासल्या होत्या गं मी... बाहेरून!”

तो सीटांच्या मधोमध उभा. हातात शेवटची खोळ. ‘विमान उडतं, कारण...’ पुढे नुसता दोरा लोंबत होता.

“हे अर्धंच का?”

“ते माझं कारण होतं.”

“मग सांगा ना... उद्या मी नसेन.”

बाईंनी श्वास रोखला. मीही. आता हे विमान खरंच उडतंय की काय!

“विमान कसं उडतं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझ्या शिलाई मशीनसमोर तक्ता टांगलाय — पंख, वारा, बाण, सगळं.”

त्यानं खोळ खाली ठेवली. “मग रोज मला का विचारलंत?”

“तुम्ही रोज यावं म्हणून,” मी म्हणाले. “जाऊ नका...”