अर्धी राहिलेली दाढी

शशिकांत देवस्थळींच्या घरात पाऊल टाकलं की आधी नाकात शिरायचा तो स्पिरिटचा वास. थेट दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. नवं माणूस दचकलंच असतं, पण नवं माणूस तिथे यायचं कुठे! येऊनजाऊन एक समोरच्या दारच्या रत्नप्रभावहिनी. त्या भाजीची वाटी झाकून आणायच्या, नाकाला पदर लावायच्या आणि विचारायच्या, "काय हो भाऊजी, आज कुणाची हजामत?"

विमा कंपनीत उभी नोकरी झाली. आज भोपाळ, उद्या रायपूर, शेवटी जयपूर. लग्नाचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर रत्नागिरीला जावं, तर तिथे वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. मग जयपूरच्याच विद्याधर नगरात छोटा फ्लॅट घेऊन राहिले. आणि दिवस जाईना म्हणून हा नाद लागला, जुने सेफ्टी रेझर जमवण्याचा. पितळेचे, वर निकेल चढवलेले, मुठीचा तळ फिरवला की माथ्यावरचे दोन पंख फुलपाखरासारखे उघडणारे. चंदन कबाडीवाला ते आणून द्यायचा, नाहीतर एखाद्या घराचा पत्ता सांगायचा.

रेझर आला की आधी तो कोमट साबणपाण्यात भिजायचा. उकळतं पाणी अजिबात नाही, त्याने मुलामा उडतो. मग जुन्या टूथब्रशने सांधे घासायचे, दगडासारखा झालेला साबणाचा थर काढायचा, मग स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचं, पुसायचं, आणि मुठीतल्या स्क्रूच्या आट्यांना तेलाचा एक थेंब. एवढं करून शशिकांतराव स्वतः मात्र त्यातल्या एकानेही दाढी करत नसत. "दुसऱ्याच्या गालावरून फिरलेली वस्तू, आपल्याला कशाला," म्हणायचे.

"मग इतकं घासता तरी कुणासाठी?" वहिनी विचारायच्या.

शशिकांतराव पुन्हा ब्रश उचलायचे.

त्या उन्हाळ्यात वहिनींच्या यजमानांची नाशिकला बदली झाली आणि समोरच्या घरात खोकी भरायला लागली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीही चला. तिथल्या आमच्या घराची खालची खोली रिकामीच आहे. इथे आम्ही गेल्यावर मराठीत भांडायला तरी कोण उरणार तुम्हाला?"

"बघू," शशिकांतराव म्हणाले.

त्याच आठवड्यात चंदनने एक पत्ता दिला. जुन्या शहरात, चांदपोल दरवाजाच्या आत, अरुंद गल्लीतलं जुनं घर. घर विकलं होतं, आवराआवर चालली होती. डोक्यावर पदर घेतलेल्या सूनबाईंनी रुमालात गुंडाळलेला रेझर हातात ठेवला. म्हणाल्या, "बाबूजी का है. अब किस काम का."

शशिकांतराव निघाले. घरातला मधला चौक ओलांडताना त्यांना दिसलं, भिंतीवरच्या आरशासमोर एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले आहेत. पाठमोरे. आरशात चेहरा दिसत होता, पण तोंडभर साबणाचा फेस. हात मांडीवर, रिकामे. आता हे नव्या पद्धतीच्या रेझरने दाढी करणार असतील, शशिकांतरावांना वाटलं.

आपल्याकडे निघताना नुसतं उठून चालायला लागत नाहीत. 'येतो' म्हणायचं, 'या एकदा घरी' म्हणायचं. कुणी येत नाही, ते दोघांनाही ठाऊक असतं. पण शशिकांतरावांना त्या दिवशी काय झालं कोण जाणे. ते थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, "अच्छा बाबूजी, चलता हूँ. कभी घर आइए. विद्याधर नगर में… अकेला ही रहता हूँ."

म्हातारबाबा वळले नाहीत. फक्त हनुवटी किंचित वर केली. न्हाव्यापुढे करतात तशी.

घरी येऊन रेझर उघडला तर आत ब्लेड तसंच. साबण वाळून कडक झालेला आणि त्यात पांढरे केस अडकलेले. इतर रेझरांत असा अलीकडचा मळ कधी नसायचा. शशिकांतरावांनी ब्लेड कागदात गुंडाळून टाकून दिलं, नेहमीसारखं सगळं धुतलं, स्पिरिटमध्ये ठेवून पुसलं आणि रेझर बेसिनच्या कडेला फडक्यावर वाळत ठेवला.

सकाळी पाहतात तो रेझरला ओला फेस.

नीट धुतला गेला नसेल, म्हणून पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस. केस मात्र नव्हते, नुसता फेस. आणि न्हाणीघरात वाळ्याच्या अत्तराचा मंद वास, स्पिरिटलाही न जुमानणारा. त्यापुढच्या सकाळी ते चहा करत होते आणि आतून आवाज आला. टक्… टक्. रेझर बेसिनच्या काठावर आपटून झटकतात, तसा. मग पाण्यात बुचकळल्याचा आवाज. मग पुन्हा टक्… टक्. ते गेले तर कुणी नव्हतं. बेसिनमध्ये पाणी हलत होतं.

त्यांनी चंदनकडून नंबर घेऊन सूनबाईंना फोन लावला. रेझर किती जुना आहे असं काहीतरी निमित्त काढलं आणि मग म्हणाले, "बाबूजी से पूछकर बताएँगी?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाबूजी तो होली से पहले ही चले गए, भाईसाहब. शेव करते-करते… दाढ़ी आधी ही बनी थी. वैसे ही ले गए."

"तो फिर चौक में, शीशे के सामने… वो कौन थे?"

"चौक में कोई नहीं था. शीशा भी नहीं है वहाँ. उसी दिन उतार दिया था." मग सूनबाईंचा आवाज एकदम खाली गेला. "आपने… कुछ कहा तो नहीं उनसे?"

शशिकांतरावांनी फोन ठेवला.

वहिनींपासून काही लपायचं नाही. चेहरा बघूनच त्यांनी सगळं काढून घेतलं, आणि कपाळाला हात लावला. "अहो भाऊजी! मेल्या माणसाच्या घरून निघताना कुणी 'या' म्हणतं का? 'येतो' सुद्धा म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठून यायचं असतं. एवढंही कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

"मला कुठे माहीत होतं कुणी गेलंय ते?"

"आणि वर पत्ताही दिलात!" वहिनींना हसावं की रडावं कळेना. "उद्या तो रेझर द्या माझ्याकडे. गलत्याच्या तीर्थाला जाऊन कुंडात सोडून येते. आणि घासूपुसू नका आता त्याला."

त्या दुपारी आंधी आली. जयपुरातल्या माणसाला सांगायला नको. आधी वारा पडतो, झाडाचं पान हलत नाही, आणि मग पश्चिमेकडून पिवळी भिंत चालत येते. खिडक्या लावेपर्यंत सगळ्या घरावर वाळू बसली. वीज गेली. भर चार वाजता घरात असा मातकट अंधार, की हात दिसेना. शशिकांतरावांनी इमर्जन्सी लॅम्प लावून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. बाहेर पत्रे वाजत होते. मातीच्या वासातून हळूहळू दुसरा वास वर आला. वाळ्याचा.

टक्… टक्.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. दिव्याचा उजेड जेमतेम तिथवर पोचत होता. बेसिनपाशी एक वाकलेली पाठ. पांढरा बनियन, खांद्यांची हाडं. हात संथपणे वर जायचा, गालावरून खाली यायचा. फेस तिथल्या तिथे. पुन्हा वर, पुन्हा खाली. रेझरमध्ये ब्लेडच नव्हतं ना. कापणार काय?

"बाबूजी…?"

हात थांबला. आरशात अर्धा गाल मोकळा दिसत होता, अर्ध्यावर फेस. डोळे कुठे बघत होते ते कळत नव्हतं. मग रेझर धरलेला हात मागे आला, शशिकांतरावांकडे. देतात तसा. मागतात तसा.

आता खरं सांगायचं तर नवी ब्लेडं हाताच्या अंतरावर होती. टेबलाच्या खणात. एक ब्लेड घालून दिलं असतं तर म्हाताऱ्याची राहिलेली दाढी झाली असती, आणि तो आपल्या वाटेने गेला असता. हे शशिकांतरावांना त्या क्षणी लख्ख कळलं. आणि त्याबरोबर हेही कळलं, की मग या घरात उद्या सकाळी कसलाच आवाज येणार नाही. समोरची खोकी निघून जातील. बेसिन कोरडं राहील.

त्यांच्या तोंडून शब्द निघाले तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"ब्लेड नहीं है, बाबूजी… कल आइए."

पाठ तशीच उभी राहिली. मग वीज आली आणि न्हाणीघरात कुणी नव्हतं.

वहिनींना त्यांनी फडताळातला दुसराच एक रेझर फडक्यात बांधून दिला. त्या बिचाऱ्या भर उन्हात गलत्यापर्यंत जाऊन, पायऱ्या चढून, तो पाण्यात सोडून आल्या. "सुटलात हो भाऊजी," म्हणाल्या.

इकडे रोज सकाळी चहाचा दुसरा कप भरला जाऊ लागला. शशिकांतराव दाराशी खुर्ची टाकून बसत. आत टक् टक् चाले. हे आपले पेपरातल्या बातम्या सांगत, मराठीत, हिंदीत, जमेल तसं. लहानपणच्या, घाटीवरच्या घराच्या गोष्टीही सांगितल्या. इतकी वर्षं ऐकायला होतं कोण! आणि शेवटी हात मागे आला की म्हणत, "उद्या. उद्या या, बाबूजी."

पण दिवसागणिक एक गोष्ट त्यांना खुपायला लागली. वाळ्याचा वास कमी होत चालला होता. त्याच्या जागी त्यांच्याच साबणाचा, त्यांच्याच तेलाचा वास येऊ लागला होता. आणि ती पाठ आता तितकी वाकलेली राहिली नव्हती.

वहिनी निघायच्या आदल्या दिवशी डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "खोलीला रंग लावून घेतलाय, भाऊजी. तुमच्या त्या रेझरांना काचेचं कपाटही ठरवलंय. तुम्ही 'नाही' म्हणालात तरी खोली तुमचीच." आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

वहिनी गेल्यावर शशिकांतरावांनी डबा उघडला आणि तसाच पुन्हा झाकला. आपल्यासाठी कुणी भिंतीला रंग लावतं, ही गोष्टच त्यांना नवी होती. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. सकाळी उठून खणातलं नवं ब्लेड काढलं, रेझरचे पंख उघडून आत बसवलं, मूठ घट्ट केली आणि रेझर बेसिनच्या काठावर ठेवला.

"कर लीजिए, बाबूजी," ते रिकाम्या न्हाणीघराला म्हणाले. "माफ करा. फार थांबवलं तुम्हाला."

आणि वहिनींना वाटेत खायला गरम प्याज-कचोरी आणावी, ती देतानाच त्यांना सांगावं की मीही येतोय, म्हणून दार ओढून खाली उतरले.

कचोरीच्या दुकानात गर्दी होती. परत आले तर सामानाचा ट्रक पुढे गेलेला आणि गाडीपाशी वहिनी उभ्या. त्यांना बघून वहिनींचे डोळे मोठे झाले.

"अगंबाई! तुम्ही इकडून कुठून आलात? आंघोळीला गेला होतात ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचे भाऊच म्हणाले की! निरोप घ्यायला आले होते मी वर. त्यांनीच दार उघडलं." वहिनींनी लटक्या रागाने हात नाचवले. "भलतेच लबाड हो तुम्ही! मोठा भाऊ आहे, आणि कधी एका शब्दानं बोलला नाहीत? चेहरा अगदी तुमचाच. गुळगुळीत दाढी केलेली, कानापाशी थोडा साबण राहिला होता. आणि मराठी तरी किती गोड, अस्सल तुमच्याकडची."

शशिकांतरावांना भाऊ नव्हता. बहीणही नव्हती. हातातली कचोरीची पुडी तेलाने हळूहळू ओली होत होती.

"वहिनी… काय म्हणाला तो?"

"म्हणाले, 'शशी आंघोळीला गेलाय. तो आता कुठे जायचा नाही. मी आलोय ना.'" वहिनींनी डोळे पुसले. "मला बाई फार बरं वाटलं. एकटं टाकून जाववत नव्हतं."

'शशी' म्हणणारं माणूस जयपुरात एकही नव्हतं. आई गेल्यापासून कुठेच नव्हतं.

"वहिनी, ऐका… मी येतोय. मी येतोय तुमच्याबरोबर," ते म्हणाले. निदान म्हणायला गेले. पण तोंडातून आवाज फुटला नाही, नुसता वारा आला. पुडी घेऊन वहिनी गाडीत बसल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

गाडी सुटली आणि वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढला. शशिकांतरावांनीही हात वर केला. मग त्यांच्या लक्षात आलं, वहिनी त्यांच्याकडे बघतच नाहीत. त्यांच्या डोक्यावरून वर, त्यांच्याच गॅलरीकडे बघून त्या हसत होत्या.

"येते हं, भाऊजी!"

शशिकांतरावांना मान वर करायचं धाडस झालं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. आणि वरून कुणीतरी, कोकणातला हेल काढून, सावकाश उत्तर दिलं.

त्यांच्याच आवाजात.