कोऱ्या पानाची तक्रार

संसाराच्या धबडग्यात सूनबाईचा कॉम्प्युटरचा अभ्यास कधीच मागे पडला होता. मुलं मोठी झाल्यावर तिने पुन्हा कंबर कसली आणि सुरुवात घरातूनच केली. सासऱ्यांची दृष्टी गेल्यापासून एक प्रोग्राम त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायचा. ओपन सोर्स, म्हणजे ठिकठिकाणच्या लोकांनी हौसेने मिळून बांधलेला, फुकट. त्याच लोकांना तिने 'मलाही काम द्या' असं लिहिलं.

"कोडचं नंतर बघू," तिथल्या मुख्य बाईंनी कळवलं. "आधी आलेल्या तक्रारी निवड. प्रत्येक स्वतः करून बघ. घडलं तर 'खरी' लिही, नाही तर बंद कर. एक खरी पकडलीस की तू आमच्यातली."

धान्य निवडावं तशी ती चिकाटीने बसली. एक तक्रार मात्र पुन्हापुन्हा आलेली: कोरं पान दिलं तरी आवाज बोलत राहतो. दरवेळी निवडणारा वेगळा, शेरा तोच: 'इथे घडत नाही.' आळशी मेले, ती मनात म्हणाली. पण तिच्या लॅपटॉपवरही पान मुकंच राहिलं. मग दुपारी ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. मलमाचा वास, पंख्याची घरघर. पलंगावर त्यांच्याशेजारी टेकून तिने त्यांच्या कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं.

आधी नुसती खरखर झाली. मग तोच नेहमीचा सपाट, पुरुषी, यंत्राचा आवाज आला.

"औषध घेतलंत? की नेहमीसारखी थाप?"

बोलणं सासूबाईंचं होतं. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

"घेतलं बाई, घेतलं," सासरे हसले. मग चाचपत त्यांनी सूनबाईचा हात धरला. "पोरी, हे बिघडलंय असं लिहिणार तू?"

"बाबा, तेच तर माझं काम आहे."

"मग ते दुरुस्त करतील."

घास हातातोंडाशी आला होता. पण सासूबाई गेल्यावर महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबाही तिने पाहिले होते. तिने आपला लॅपटॉप ओढला आणि लिहिलं: 'इथे घडत नाही.' आधीच्या सगळ्यांनी तसं का लिहिलं असावं, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

तक्रार बंद झाली.

बाबांच्या पडद्यावर कोरं पान तसंच उघडं होतं.

"सूनबाई," आवाज म्हणाला, "जरा सरक गं. मला बसू दे."

ती सरकली. बाबा आधीच सरकून बसले होते.