चंपीच्या नावाची बाटली

पुष्पावतीबाई खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"सूर्यभानराव, त्या सुरय्यानं माझ्यावर सूड उगवलाय. तिला तुरुंगात घाला!"

सूर्यभान खासगी तपास करी आणि अहमदनगरात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याचा मित्र सहादेव शेजारी बसला होता. बाईंनी कडेवरचा पांढराशुभ्र, लांब केसांचा बोका सहादेवच्या मांडीवर ठेवला.

"हा माझा नवाब. याच्या पिल्लांसाठी कॅम्पातली साहेबमंडळी रांग लावतात."

नवाब अंग चाटू लागला. सहादेवचा काळा कोट बघता बघता केसांनी भरला.

बाईंची हकिकत अशी होती. गेल्या वर्षी, एकोणीसशे बहात्तर साली, नवाबची पिल्लं पोट फुगून मेली. शेजारच्या सुरय्याबीची मांजर चंपी त्यांच्या अंगणात येई. जनावरांचे डॉक्टर आसाराम यांनी आपल्या प्रयोगशाळेत दोन्ही मांजरांची विष्ठा तपासली. दोष चंपीवर आला आणि तिला इंजेक्शन देऊन संपवण्यात आलं. तरी यंदाही पिल्लं दगावली. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली, तर दोष नवाबवर!

"सुरय्या हल्ली त्याच प्रयोगशाळेत झाडू मारते," बाई म्हणाल्या. "तिनंच नमुना बदलला."

सहादेवला यात रहस्य काही दिसेना. सरळ तर होतं सगळं.

प्रयोगशाळेत डॉक्टरांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. गेल्या वर्षीच्या बाटलीवर चंपीचं नाव, यंदाच्या बाटलीवर नवाबचं.

"मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू मुकुट घातल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला कोरोना म्हणतात. मांजर ठणठणीत असतं, पण विष्ठेतून रोग पसरवतं. उरलेला नमुना मी औषधात जपून ठेवतो."

"नमुने आणले कुणी?"

"यंदाचा मी स्वतः. गेल्या वर्षी डब्या नावं लिहूनच आल्या होत्या."

सूर्यभाननं दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. दोन्हींत पांढरे लांब दोरे तरंगत होते. सहादेवनं नाक दाबून मान फिरवली.

सुरय्याबी मागच्या दारी फरशी पुसत होती.

"सूड घ्यायलाच इथं आलीस?" सूर्यभाननं विचारलं.

"व्हय." तिनं नजर चुकवली नाही. "डाक्टर कुटं चुकला त्ये बगायचं हुतं मला. माजी चंपी काळीभोर, मखमलीगत. सुई टोचताना मीच धरली हुती तिला. हातातच गार पडली."

"तिची डबी तू आणून दिलीस?"

"न्हाई. बाई म्हनल्या, माजी गाडी हाय, दोन्ही डब्या मीच नेते."

संध्याकाळी सूर्यभाननं सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं.

"नमुना बदलला गेला, हे खरं," तो म्हणाला.

"बघा!" पुष्पावतीबाई उसळल्या.

"पण यंदा नाही. गेल्या वर्षी. सहादेव, तुझ्या कोटावर काय आहे?"

"केस. त्या बोक्याचे."

"मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. नवाबच्या बाटलीत त्याचेच लांब पांढरे केस आहेत. म्हणजे यंदाचा नमुना अस्सल. पण चंपीच्या बाटलीतही तसेच पांढरे केस! काळ्या, आखूड केसांच्या मांजरीच्या पोटात ते येतील कुठून? डब्यांची नावं उलटी लिहिलेली होती. आणि दोन्ही डब्या एकाच हातात होत्या."

सूर्यभान बाईंकडे वळला.

"म्हणून चंपी मेली, तरी पिल्लं मरतच राहिली. बाई, तुम्ही एकदा डबी बदललीत, म्हणून यंदा सुरय्यानंही तेच केलं असेल असं तुम्हाला वाटलं. चोराच्या मनात चांदणं!"

बाईंचा चेहरा उतरला. "नवाब गेला असता हो! ती काय, गल्लीतली साधी मांजर…"

सहादेवनं सुरय्याबीकडे पाहिलं. तिची मूठ आवळलेली होती. त्याला वाटलं, आता ही बोक्याचा जीव मागणार.

"नवाबला दुसऱ्या मांजरांपासून दूर ठेवावं लागेल," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "की… सुरय्याबी, तू म्हणशील तसं."

"त्याला कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "मुकं जनावर त्ये. माजं भांडान बाईशी हाय."

दुसऱ्या दिवशी पुष्पावतीबाईंच्या फाटकासमोर सुरय्याबी गोणपाट अंथरून बसली. कॅम्पातली एक गाडी पुढच्या पिल्लाची मागणी नोंदवायला आली. सुरय्याबी उठली, सलाम केला आणि डबीपासून इंजेक्शनपर्यंत सगळं सांगितलं. गाडी आल्या वाटेनं परत गेली.

"हिला थांबवायला नको?" रस्त्यापलीकडून बघणाऱ्या सहादेवनं सूर्यभानला विचारलं.

"तिच्या बोलण्यात एक तरी शब्द खोटा आहे?"

वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली. सुरय्याबीनं वर पाहिलंही नाही. ती पुन्हा गोणपाटावर बसली आणि पुढच्या गाडीची वाट बघू लागली.