गेरूची सहा वर्षं

पिंपळटेकचा पारा एका वर्षी एक ऑक्टोबरनंतर उगाचच चढला. पुढच्या वर्षी चढला तो वीस तारखेनंतर, त्याच्या पुढच्या वर्षी आठनंतर, आणि मग तर चक्क सप्टेंबर संपायच्या आतच! दरवेळी पाऊस लागला की स्वारी गुपचूप खाली यायची. असं सहा वर्षं चाललं आणि सातव्या वर्षी एकदम थांबलं. आता बोला!

पडताळरावांना मात्र बोलण्यासारखं काही सापडलं नव्हतं. पडताळराव म्हणजे हवामान कचेरीतून आलेला यंत्रमानव. खरं नाव पडताळ-४, पण अकरा वर्षांच्या तारिणीने दारातच त्याचं बारसं उरकलं होतं. देशभरातल्या जुन्या नोंदी तपासायच्या आणि खोट असलेल्या बाजूला काढायच्या, हे त्याचं काम.

पिंपळटेकची छोटी वेधशाळा तारिणीची शलाकाआत्या छत्तीस वर्षं सांभाळत होती. अंगणात झडपांची पांढरी पेटी, पेटीत तापमापक, आणि रोज सकाळी साडेआठला त्या वेळच्या आणि आदल्या दुपारच्या सर्वांत जास्त तापमानाची वहीत नोंद. एका दिवसाची नोंद चुकू दिली नव्हती बाईने! आणि ह्या वर्षी, २०६१ साली, इथल्या नोंदींना शंभर वर्षं पूर्ण होत होती.

"२०२५ पासूनची सहा वर्षं शेजारच्या चार केंद्रांशी जुळत नाहीत," पडताळराव म्हणाले. "दुपारचं तापमान सुमारे पाऊण अंश जास्त. कारण अज्ञात. आठ दिवसांत कारण सापडलं नाही, तर नियमाप्रमाणे संपूर्ण केंद्र देशाच्या सरासरीतून वगळावं लागेल."

"सहा वर्षांसाठी शंभर वर्षं केराच्या टोपलीत?" तारिणी उसळलीच. "हा कुठला न्याय?"

"कारण कळल्याशिवाय बाकीच्या चौऱ्याण्णव वर्षांवर विश्वास कसा ठेवायचा?"

तारिणीने आत्याकडे पाहिलं. एरवी आत्या कुणाचा एक शब्द खाली पडू द्यायची नाही. आज ती झारी घेऊन झाडांना पाणी घालायला निघून गेली. तारिणीला ते अजिबात आवडलं नाही.

"मी शोधते कारण," ती म्हणाली. "पण आधी सांगा, देशाचं तापमान मोजता कसं? देशाच्या काखेत तापमापक लावता का?"

"देशाला काख नाही," पडताळराव गंभीरपणे म्हणाले. "महाबळेश्वर थंड, चंद्रपूर उष्ण. त्यांचे आकडे नुसते एकत्र केले, तर एखादं थंड केंद्र बंद पडलं की देश उगाच तापलेला दिसेल. म्हणून प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्याच तीस वर्षांच्या सरासरीशी करायची. त्यातून जी विसंगती (नेहमीपेक्षा किती जास्त किंवा कमी, तो फरक) निघते, तिची मग देशभर सरासरी काढायची."

तारिणीने जरा डोकं खाजवलं. "म्हणजे वर्गात कोण किती उंच हे नाही विचारायचं. कोण किती वाढलं ते विचारायचं. मग आमचा उंच सोनटक्के गैरहजर राहिला, तरी वर्ग बुटका दिसणार नाही!"

"अचूक. शिवाय एका वर्षावरून निकाल लावायचा नाही. एखादं वर्ष वर जातं, एखादं खाली. कल (वर्षांमागून वर्षं रेघ कुठल्या बाजूला जाते आहे ते) दिसायला कित्येक दशकं लागतात. शंभर वर्षांची केंद्रं थोडी आहेत. हे केंद्र गमावणं तोट्याचं आहे."

"वाईट वाटतं म्हणा की सरळ!"

"तशी सोय माझ्यात नाही."

तारिणीने पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि जुन्या वह्या जमिनीवर मांडल्या. पहिला दिवस फुकट गेला, दुसराही गेला. डोळे चुरचुरायला लागले, पण ती हटली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडे सोडून तिची नजर कडेच्या रकान्यावर गेली. शेरा! १ ऑक्टोबर २०२५ पुढे आत्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'खंडेनवमी. पूजा केली.' तिने पुढच्या वर्षीची वही उघडली. तिथेही, अगदी पारा चढायच्या आदल्या दिवशी, खंडेनवमी! तिसऱ्या वर्षीही तेच.

"पडताळराव! अहो, तुमच्याकडे हे शेरे नाहीत?"

"शेरे म्हणजे आकडे नव्हेत. ते माझ्याकडे उतरवलेले नाहीत."

"अरे देवा! दसऱ्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, म्हणून तुम्हाला मेळ दिसला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे आपापल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. आत्या, तू पेटीची पूजा करायचीस? काय करायचीस नेमकं?"

दारात उभ्या असलेल्या आत्याने झारी खाली ठेवली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"गेरू लावायचे," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्षांची होते, नवीनच लागले होते. माझं अवजार म्हणजे ती पेटी. वृंदावनाला देतात तसा सगळ्या पेटीला गेरू दिला. किती छान दिसायची! पावसात धुऊन जायचा, पुढच्या खंडेनवमीला पुन्हा द्यायचा. सहा वर्षांनी प्रशिक्षणाला गेले, तेव्हा कळलं की पेटी पांढरीच हवी. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद रंग पितो. पेटी तापली की आतली हवाही तापते. नोकरी जाईल ह्या भीतीने तोंड उघडलं नाही गं. तीस वर्षं हे मनातच दाबून ठेवलंय."

तारिणीला रागही आला आणि आत्याचा कळवळाही आला. तिने आत्याचा हात घट्ट धरला. "आता उघडलंस ना तोंड? मग चल, कामाला लाग. नुसत्या बोलण्यावर पडताळराव विश्वास ठेवणार नाहीत."

"नाही ठेवणार," पडताळरावांनी दुजोरा दिला.

त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी काढली, पांढरी रंगवली आणि पहिलीजवळ उभी केली. पूर्ण एक दिवस दोन्हीकडचे आकडे सारखे आले. मग दुसऱ्या पेटीला गेरू दिला. मार्चचं ऊन रणरणत होतं, तरी तारिणी तासातासाला टोपी घालून धावत होती. तीन दिवस गेरूची पेटी दुपारी पाऊण अंशाच्या आसपास जास्त दाखवत राहिली.

"कारण सापडलं," आठव्या दिवशी पडताळराव म्हणाले. "सहा वर्षांच्या आकड्यांमधून गेरूचा फरक वजा करता येतो. केंद्र राहील."

"आणि गेरू वजा केल्यावर तापलेपण गेलं का हो?" तारिणीने आशेने विचारलं.

पडताळरावांनी भिंतीवर शंभर वर्षांची रेघ उमटवली. सहा वर्षांचा उंचवटा सपाट झाला होता. रेघ मात्र वरखाली होत, तरीही चढतच गेली होती. "नाही. ही वाढ गेरूची नाही. देशभर तीच दिसते. धुरातून हवेत साठलेल्या वायूंनी उष्णता धरून ठेवली आहे. अलीकडच्या दहा वर्षांत धूर घटला आहे आणि चढही किंचित कमी झालेला दिसतो."

"म्हणजे थांबतोय?"

"दहा वर्षांवरून सांगता येणार नाही. आणखी वीस वर्षांच्या नोंदी हव्यात. खऱ्या."

"घेऊ की!" तारिणी म्हणाली. "त्यात काय!"

आत्याने २०२५ची वही ओढली आणि 'पूजा केली' ह्या शेऱ्याशेजारी आजची तारीख घालून लिहिलं, 'पेटीला गेरू लावला होता. चूक माझी. शलाका.' सही ठसठशीत आली. मग तिने आजची वही तारिणीपुढे सरकवली.

साडेआठ वाजले होते. तारिणी अंगणात गेली. श्वासाची ऊब पाऱ्याला लागू नये म्हणून तिने श्वास रोखला, पेटीचं दार उघडलं आणि आकडा वाचला. वहीत तो नीट उतरवला. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पेटी पांढरी आहे.'